परिषदेतून सर्टिफिकेट मिळतं, पण आपलं काम वाचून प्रश्न विचारणारं माणूस मिळतं का? (पीएचडीवाले, सोलापूर)

केगाव_वाचनालय

नमस्कार मंडळी. लई दिवसांपासून लिहायचं होतं, आज सुट्टी आहे म्हणून बसले. मी अर्थशास्त्रात पीएचडी करते, चौथं वर्ष चालू आहे, विषय सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या बायकांची कमाई. दिवसा एका तालुक्याच्या गावी सीएचबीवर शिकवते, म्हणजे तास घेतला तर पैसे, परिषदेला गेलं तर तेवढ्या दिवसाचे पैसे गेले, वर नोंदणी फी आणि प्रवास आपल्या खिशातून. तरी आत्तापर्यंत सहा परिषदा केल्या. फाईलमध्ये सहा सर्टिफिकेटं आहेत. आणि खरं सांगते, पहिल्या पाच परिषदांत माझ्या पेपरवर एकही प्रश्न आला नाही. दहा मिनिटं म्हणून सांगतात, पाचव्या मिनिटाला 'मॅडम कन्क्लूड करा', मग टाळ्या, मग फोटो, मग पुढचं नाव. घरी येताना गाडीत बसून वाटायचं की मी बोलले ते कुणाच्या कानावर तरी पडलं का.

सहाव्यांदा वेगळं झालं म्हणून हा धागा. पुण्यात होतं. मुख्य परिषदेच्या आदल्या दिवशी दुपारी फक्त पीएचडीच्या पोरांसाठी वेळ ठेवलेला होता, आणि त्यासाठी महिनाभर आधी तीन पानं मागवली होती. काय शोधताय, काय झालंय, कुठं अडलंय. 'कुठं अडलंय' असं कुणी लेखी विचारलेलं मी पहिल्यांदा बघितलं. आम्हाला प्रत्येकाला एक बाहेरच्या विद्यापीठातली व्यक्ती दिलेली. माझ्या वाट्याला ज्या मॅडम आल्या त्या माझी तीन पानं प्रिंट काढून, समासात पेन्सिलीनं लिहून आल्या होत्या. बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "हजार विड्यांचा दर तुम्ही धरलाय, पण कारखान्यातून पान-तंबाखू आणायला कोण जातं? पान भिजवायचं, कापायचं, वळलेल्या विड्या परत नेऊन तपासून द्यायच्या, नापास झालेल्या परत आणायच्या, हा वेळ तुमच्या तक्त्यात कुठाय?" मी गप्प. दुसरा प्रश्न, "कुंभारीला जी नवीन वसाहत झाली तिथं राहायला गेलेली बाई आणि शहरात पूर्व भागात राहणारी बाई तुम्ही एकाच रांगेत कशी घातली? शहरातल्या बाईला कारखाना चालत जाण्याएवढा जवळ आहे, वसाहतीतल्या बाईला रिक्षा करावी लागते ना?"

मी सोलापूरची. कुंभारीच्या त्याच वसाहतीतल्या, रे नगरच्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या तेव्हा ती बातमी मी घरच्यांना वाचून दाखवली होती. चार वर्षं त्याच गल्ल्यांतून फिरतेय. आणि हा प्रश्न मला सुचला नाही, सोलापूर कधी न बघितलेल्या बाईंना सुचला. परत आल्यावर मी पुन्हा घरोघर गेले, नुसतं एवढंच विचारत, 'पान आणायला कोण जातं ओ मावशी?' कुठं शाळेतली पोरगी जाते, कुठं सासू जाते, आणि हिशेबात त्यांचं नावच नाही. माझं तिसरं प्रकरण पूर्ण बदललं.

म्हणून विचारते, तुमचा अनुभव काय? आणि असं काही आपल्याला सोलापुरात करता येईल का?

---

बाळीवेस_८७

मॅडम मी पहिल्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर. मला सिनियर म्हणतात दोन परिषदा आणि एक पेपर कंपल्सरी आहे, त्याशिवाय थिसिस घेत नाहीत. मग लोक कुठल्याही परिषदेत पैसे भरून मोकळे होतात. खरंच कंपल्सरी आहे का?

---

निवृत्त_मास्तर

बाळ, जुना नियम तसा होता. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१६ च्या नियमावलीत प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापलेला आणि परिषदेत दोन सादरीकरणं अशी अट होती. नोव्हेंबर २०२२ ची नवी नियमावली आली त्यात ही सक्ती काढली. विद्यापीठ स्वतःचा नियम ठेवू शकतं, त्यामुळं तुझ्या विद्यापीठाचं परिपत्रक बघ, सिनियरच्या तोंडचं प्रमाण धरू नकोस.

पण त्याच नियमावलीत एक गोष्ट आहे जिच्याकडं कुणी बघत नाही. दर सत्रात विद्यार्थ्यानं संशोधन सल्लागार समितीपुढं उभं राहायचं, काम दाखवायचं आणि पुढचा सल्ला घ्यायचा. ती समिती त्यासाठीच आहे. आमच्या काळात बऱ्याच ठिकाणी तो सहीचा कार्यक्रम व्हायचा, चहा, बिस्कीट, सही. त्यात मीही होतो आणि त्याचं मला वाईट वाटतं. ज्या पोराला आपल्याच समितीनं कधी खोलात विचारलं नाही ते पोरगं परिषदेत प्रश्न आला की घाबरणारच. केगाव मॅडम, तुम्हाला पुण्यात जे मिळालं ते आधी घरात मिळायला हवं होतं.

गाईडनं विद्यार्थ्याला परिषदेला पाठवायच्या आधी निदान दोनदा आपल्यासमोर बोलायला लावावं. आणि स्वतः सोबत जात असाल तर चहाच्या वेळी हाताला धरून चार माणसांपुढं उभं करावं, 'ही माझी विद्यार्थिनी, हिनं अमुक केलंय'. एवढं एक वाक्य. मला माझ्या गाईडनी असंच उभं केलं होतं, त्यातल्या एका माणसाशी माझा पुढं तीस वर्षं पत्रव्यवहार होता.

---

सांगोला_डाळिंब

मी शेतीतला, वनस्पती रोगशास्त्र, डाळिंबाच्या तेल्यावर काम केलं. माझा अनुभव असा की तोंडी पेपरपेक्षा पोस्टर लाख पटीनं बरं. तोंडी पेपर दहा मिनिटांत संपतो, पोस्टरपाशी तुम्ही दोन तास उभे असता आणि ज्याला खरंच रस आहे तोच येऊन थांबतो. माझ्या पोस्टरसमोर एकदा सांगोल्याचा एक बागायतदार येऊन उभा राहिला, परिषदेबरोबर प्रदर्शन होतं त्याला आलेला. म्हणाला साहेब हे ठिपके तुम्ही पावसाळी बहाराचे दाखवलेत, माझ्याकडं तर हस्त बहारात, म्हणजे पाऊस ओसरल्यावर धरलेल्या बहारात पण येतंय, का? तेल्या हा झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा रोग, ओल असली की पसरतो, हे मला पाठ होतं, पण त्याच्या बागेत ओल कुठून येते हे मी विचारलंच नव्हतं. तेवढ्यात शेजारी उभे असलेले एक शास्त्रज्ञ बोलण्यात आले, तिघं मिळून अर्धा तास उभे. त्या शास्त्रज्ञांनीच पुढं प्रोजेक्टवर जागा निघाली तेव्हा मला कळवलं. रीतसर मुलाखत झाली, पण जागा निघालीय हे कळणं हेच अर्धं काम असतं.

पोस्टर करणाऱ्यांना एकच सांगतो, ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, त्यावर अख्खा प्रबंध कोंबू नका. दीड मीटरवरून वाचता आलं पाहिजे. एक चित्र मोठं, एक प्रश्न मोठा. उरलेलं तोंडानं सांगा.

---

केगाव_वाचनालय

@सांगोला_डाळिंब दादा, म्हणजे तुमच्यापुढं शेतकरी आला तसं माझ्या पोस्टरसमोर विडी वळणारी मावशी कधी येणार असा विचार मनात आला. हे पण करायला पाहिजे.

---

सध्या_जर्मनीत

मूळचा विजापूर रोडचा, इथं जर्मनीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करतोय. मॅडमनी जे सांगितलं त्याला बऱ्याच परिषदांत डॉक्टरल कन्सॉर्शियम किंवा कलोक्वियम म्हणतात, कॉम्प्युटर, मॅनेजमेंट, माहितीशास्त्र यांत जास्त. पद्धत साधारण तीच, छोटा गोषवारा, निवड, प्रत्येकाला मेंटर, मोकळी चर्चा आणि नंतर करिअरवर गप्पा. बाळीवेस, तुझ्या विषयात भारतात एसीएम इंडिया या कॉम्प्युटरवाल्यांच्या संघटनेचा एआरसीएस नावाचा मेळावा असतो तो मुद्दाम पीएचडीवाल्यांच्या संशोधन आणि करिअरसाठी आहे, तो बघ.

आणखी एक इथलं उदाहरण. लिंडाऊ म्हणून तळ्याकाठचं गाव आहे, तिथं १९५१ पासून नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ आणि तरुण संशोधक यांची बैठक भरते. जवळपास ६०० तरुण येतात, भारतातूनही निवडून जातात. तिथं सायन्स वॉक म्हणून प्रकार आहे, सकाळी एक नोबेलवाला शास्त्रज्ञ आणि थोडी पोरं मिळून नुसतं फिरायला जायचं. खोली नाही, स्लाईड नाही, फक्त चालत बोलायचं. मी हे ऐकलं तेव्हा मला कंबर तलाव आठवला. तिथं सकाळी अर्धं सोलापूर फिरायला येतं, त्यात किती प्राध्यापक असतात बघा की.

मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो परिषदेच्या आधी केलेल्या ईमेलचा. दोन-तीन आठवडे आधी कार्यक्रमपत्रिका येते, त्यात आपल्या कामाच्या जवळची दोनच माणसं निवडायची, दहा नाही. त्यांचा एखादा पेपर खरंच वाचायचा. मग चार ओळी लिहायच्या, मी अमुक करतो, तुमच्या पेपरातला अमुक मुद्दा माझ्या डेटात असा असा दिसत नाही, परिषदेत पंधरा मिनिटं मिळतील का. 'सर मला गाईड करा' असं लिहिलं की उत्तर येत नाही, कारण त्या माणसाला कळत नाही नेमकं काय करायचं. नेमका प्रश्न असला की बहुतेक लोक वेळ देतात, माझा तरी तोच अनुभव. आणि भेट झाली की आठवड्याच्या आत आभाराचं एक पत्र, त्यात त्यांनी सांगितलेलं काय करून बघितलं ते लिहायचं. माझ्या सध्याच्या बॉसची ओळख अशाच दुसऱ्या पत्रातून पक्की झाली.

---

प्रज्ञा_जुळे_सोलापूर

हे सगळं बरोबर आहे पण एक बाजू सुटतेय. मला अडीच वर्षांचं बाळ आहे. पुण्याची परिषद म्हणजे सकाळी हुतात्मा एक्सप्रेस आणि संध्याकाळी सहाची परत हुतात्मा, मुक्काम शक्य नाही. सहाची गाडी पकडायची तर साडेचारला निघावं लागतं. आणि खरी बोलणी तर साडेचारनंतर सुरू होतात ओ. सत्रं संपली, मोठी माणसं मोकळी झाली, बाहेर चहाच्या टपरीवर उभी राहिली, कोण कुठल्या प्रोजेक्टवर आहे, कुठं जागा निघतेय हे सगळं तिथं बोललं जातं, आणि मी तेव्हा रिक्षात असते. तीन परिषदांत हेच झालं. ज्या मुली रात्री थांबू शकत नाहीत त्यांच्यासाठी मेंटरची भेट कार्यक्रमपत्रिकेतच, दिवसा, वेळ घालून ठेवली पाहिजे. चहाच्या भरवशावर सोडलं की ती फक्त थांबू शकणाऱ्यांनाच मिळते.

दुसरं, नव्या मुलींना मोठी बहीण म्हणून सांगते. कुणी कितीही मोठा माणूस असू दे, चर्चेसाठी रात्री खोलीवर बोलावलं तर जायचं नाही. कॅन्टीन, लॉबी, सभागृहाचा कोपरा, जिथं चार लोक दिसतात तिथं भेटायचं. चांगल्या माणसाला यात काही गैर वाटत नाही. आणि काही झालं तर आपल्या संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असते, यूजीसीचे २०१५ चे नियम आहेत, विद्यार्थिनीसुद्धा त्यात येतात.

---

केगाव_वाचनालय

प्रज्ञाताई, साडेचारचं अगदी खरं. पुण्याच्या त्या दिवशी मी सहाची गाडी सोडली आणि रात्री हडपसरहून एसटीनं आले. घरच्यांनी समजून घेतलं म्हणून जमलं, सगळ्यांच्या घरी जमणार नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वेळ ठरवून ठेवायची हे मी लिहून घेतलं.

---

आयोजक_एक

मी इथल्याच एका कॉलेजात आहे आणि तीन राष्ट्रीय परिषदांचा समन्वयक होतो. तेव्हा माझी बाजू पण ऐका. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या अहवालात परिषदा किती घेतल्या ही संख्या लागते, बाहेरची माणसं आली का, शोधनिबंध किती आले, पुस्तक छापलं का, हे लागतं. पोरांना काय मिळालं हा रकानाच नसतो. मग आम्ही १६०-१७० पेपर घेतो, कारण नोंदणीच्या फीवरच मांडव आणि जेवण निघतं. एका दिवसात उद्घाटन, हार-शाली, बीजभाषण झालं की दुपारचं जेवण. उरतात अडीच तास. चार खोल्या केल्या तरी एका खोलीत चाळीस पेपर, गणित तुम्हीच करा, चार मिनिटं पण येत नाहीत. मॅडमना पाचव्या मिनिटाला थांबवणारा चेअरपर्सन मी पण झालोय. मला त्याची लाज वाटते आणि म्हणूनच लिहितोय.

पुढच्या वेळी मी निम्मे पेपर घेणार आहे. बाकीच्यांना पोस्टर. उद्घाटन अर्ध्या तासात. आणि बीजभाषणाला जे पाहुणे येतात त्यांना विमान-गाडी-मानधन आपण देतोच, तर त्यांना आधीच सांगायचं की भाषणानंतर दोन तास पीएचडीच्या चार पोरांसोबत बसायचंय, त्यांचे कागद आधी पाठवतो. मी एका पाहुण्यांना फोनवर विचारलं, ते म्हणाले अहो मला भाषणापेक्षा हेच आवडेल, कुणी विचारतच नाही.

---

बाळीवेस_८७

सर हे झालं तर लई भारी होईल. मला अजून एक विचारायचं होतं. मला रोज ईमेल येतात, डिअर एमिनंट सायंटिस्ट, तुमचा पेपर निवडला, सिंगापूर, दुबई, बँकॉक. मी तर अजून पेपर लिहिलाच नाही. जावं का?

---

सध्या_जर्मनीत

अजिबात नको. पेपर न वाचता निवड, एकाच हॉटेलात एकाच दिवशी कॅन्सर, पूल बांधणी आणि शेक्सपिअर, आणि फी डॉलरमध्ये, हे दिसलं की ईमेल डिलीट. हा मोठा धंदा आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं हैदराबादच्या ओमिक्स ग्रुपवर खटला भरला होता, २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयानं ५ कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायचा आदेश दिला. जर्नलांबद्दलचे आरोप होतेच, पण परिषदांच्या जाहिरातीत मोठ्या शास्त्रज्ञांची नावं त्यांच्या संमतीशिवाय लावणं हाही त्यातला आरोप होता. एक सोपी परीक्षा सांगतो, आयोजन समितीतल्या दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर ईमेल करून विचार, तुम्ही खरंच यात आहात का.

---

निवृत्त_मास्तर

यात पोरांचं कर्ज होतं हे मी डोळ्यानं बघितलंय. एका मुलानं वडिलांची ठेव मोडून परदेशी परिषद केली, परत आला तो एक बॅग आणि गळ्यात अडकवायचा एक बिल्ला घेऊन. बोलायला समोर सहा जण होते, सगळे त्याच्यासारखेच पेपर वाचायला आलेले. तो मुलगा पुढं पीएचडी सोडून गेला. म्हणून बाळीवेस, आधी आपला 'आविष्कार' कर. राज्यातल्या विद्यापीठांचा हा संशोधन महोत्सव २००६ पासून चालू आहे, त्यात पीएचडीवाल्यांचा वेगळा गट असतो, परीक्षक पोस्टरपाशी येऊन उभं राहून उलटतपासणी घेतात. फुकट मिळणारी ही तालीम आहे.

---

सध्या_जर्मनीत

आणि तीन मिनिटांत काम सांगायची तालीम करा. थ्री मिनिट थिसिस ही स्पर्धा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात २००८ मध्ये सुरू झाली. तिथं तेव्हा दुष्काळ होता, पाणी वाचवायला लोक अंघोळीच्या वेळी भिंतीवर तीन मिनिटांचं घड्याळ लावायचे, त्यावरून ही कल्पना निघाली. एक स्लाईड, तीन मिनिटं, बाहेरच्या माणसाला कळलं पाहिजे. चार-पाच दिवसाआड नळाला येणारं पाणी बघितलेल्या सोलापूरच्या माणसाला ते घड्याळ काय असतं हे मी समजावून सांगायला नको.

---

प्रज्ञा_जुळे_सोलापूर

तीन मिनिटं मराठीत चालतील का? इंग्रजीत बोलायचं म्हणलं की माझं निम्मं काम तोंडातच राहतं. प्रश्न आला तर कळतो, उत्तर पण माहीत असतं, वाक्य जुळवेपर्यंत चेअरपर्सन पुढं गेलेले असतात.

---

केगाव_वाचनालय

मराठीतच करू. माझ्या त्या मॅडम हिंदीत बोलत होत्या, मी अर्धं मराठी अर्धं हिंदी, काही अडलं नाही. इंग्रजी लागणारच आहे पुढं, पण आधी काय म्हणायचंय ते स्वतःला कळलं की मग ते इंग्रजीत आणायला सोपं जातं, हा माझा अनुभव.

आणि करिअरचं थोडं. मला वाटायचं पीएचडी म्हणजे प्राध्यापक, दुसरा रस्ता नाही. भरती निघेपर्यंत सीएचबी. त्या दिवशी जेवताना मॅडमनी विचारलं तुम्ही घरोघर जाऊन माहिती गोळा करता, तक्ते बनवता, बायका तुमच्याशी मोकळं बोलतात, हे काम लागणाऱ्या संस्था किती आहेत माहितीय का? कामगारांवर काम करणाऱ्या संशोधन संस्था, सर्वेक्षणं, सरकारी योजनांचं मूल्यमापन. मला कुणी हे सांगितलंच नव्हतं. कुणी तरी बाहेरून बघून सांगावं लागतं की तुझ्या हातात काय आहे.

तर मी असं ठरवलंय. आयोजक सरांची परिषद होईल तेव्हा होईल, तोवर आपण लहान सुरुवात करू. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता कंबर तलाव, फिरत फिरत बोलायचं, एका वेळी चार जणच. साडेनऊला संपवायचं म्हणजे लहान लेकरं असलेल्यांना घरी जाता येईल. मास्तर, तुम्ही आणि तुमच्या ओळखीचे एक-दोन जण यायला तयार असाल तर मी कागद आधी आणून देते.

---

निवृत्त_मास्तर

येतो. गुडघा दुखतो, एक फेरी चालेन, मग बाकावर बसू. अर्थशास्त्र माझा विषय नाही, पण वाचून येईन. वनस्पतीशास्त्रातल्या एक मॅडम रोज तिथं येतात, त्यांना आजच विचारतो.

---

सांगोला_डाळिंब

मी तिसऱ्या रविवारी सोलापुरात असतो. दुसऱ्याऐवजी तिसरा केला तर मी पण.

---

बाळीवेस_८७

माझं अजून काहीच नाही हो. विषय पण पक्का नाही, नुसतं वाचन चालू आहे. तरी येऊ का?

---

केगाव_वाचनालय

तिसरा रविवार पक्का. बाळीवेस, तू ये. तीन पानं होत नसतील तर एकच पान आण, त्यावर फक्त कुठं अडलंय तेवढंच लिही. गुरुवारपर्यंत मास्तरांकडं पोचलं पाहिजे, त्यांना वाचायला दोन दिवस लागतील.